मेडशीचा नाला आणि खेकड्यांची घरं

पातूरच्या घाटात आमची मोटार तापली आणि थांबली. क्लीनर पत्र्याचा डबा घेऊन पाणी शोधायला खाली दरीत उतरला आणि आम्ही सहा जण रस्त्याच्या कडेला सागाच्या वाळक्या पानांवर बसलो. हॉलंडहून आलेले चार विद्यार्थी, इंजिनियरिंगचे गोडबोले सर आणि त्यांची दुभाषी म्हणून मी. पुण्यात बी.ए.च्या वर्गात शिकत होते, इंग्रजी बरं बोलत होते आणि वडिलांनी कसाबसा होकार दिला होता, एवढीच माझी लायकी.

विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची ती योजना होती. आपल्याकडची मुलं तिकडे जायची, तिकडची इकडे यायची. या चौघांना कोरडवाहू मुलखात पाणी कसं अडवतात ते शिकायचं होतं, म्हणून नाताळच्या सुट्टीत त्यांना वऱ्हाडात पाठवलं होतं. वऱ्हाड तेव्हा अजून मध्य प्रदेशात होतं, आणि वाशीम हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका.

अर्धा तास झाला तरी क्लीनर वर येईना. चौघांतला सगळ्यांत उंच मुलगा, यान, दरीकडे बघत म्हणाला, "आमच्याकडे पाणी शोधावं लागत नाही. तेच आम्हाला शोधत येतं."

मला तो विनोद वाटला. मग लीस नावाच्या त्याच्या मैत्रिणीने हळूच सांगितलं, की दोन वर्षांपूर्वी समुद्र बांध फोडून आत शिरला तेव्हा यानच्या आजोबांचं शेत कित्येक महिने खाऱ्या पाण्याखाली होतं. तेवढ्यात क्लीनर आला. डबा निम्माच भरला होता, पण मोटार चालू झाली.

मेडशीला उतरलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी फुटून पांढरी झाली होती, मधूनमधून तुरीचे पट्टे पिवळ्या फुलांनी आणि हिरव्या शेंगांनी भरले होते. शाळेच्या दोन खोल्यांत मुलांची सोय होती. पेटीवर 'Jan' असं लिहिलेलं यानचं नाव तिथल्या गुरुजींनी 'जान' असं वाचलं. त्या भागात जानराव हे नाव घरोघरी सापडतं, त्यामुळे संध्याकाळपर्यंत तो जानराव झाला. लीसची लीलाबाई झाली.

लीसला आणि मला पार्बताबाईंच्या घरी ठेवलं होतं. पन्नाशीची, काटक, कपाळावर गोंदण असलेली बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. नाल्याकाठचं चार एकर शेत ती स्वतःच पाहायची. पहिल्याच संध्याकाळी चुलीपाशी बसल्या बसल्या तिने विचारलं, "बाई, भाजीत सांबार टाकू काय? तुमच्या लीलाबाईले चालते ना?"

मी लीसला सांगितलं, आता शेवग्याच्या शेंगा घातलेली आंबट आमटी मिळणार आहे. आम्ही वाट पाहत राहिलो. पानात आली ती कळण्याची भाकर (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) आणि वांग्याची भाजी, वर भरपूर कोथिंबीर. आमटी कुठे आहे म्हणून मी विचारलं, तर ती गोंधळली. सांबार म्हणजे तिकडे कोथिंबीर, हे कळायला मला दोन भाकरी लागल्या.

"पुन्याकडं काय म्हनतात याले?" तिने विचारलं.

"कोथिंबीर."

"लयच लांब नाव हाय," ती म्हणाली आणि तिसरी भाकर तव्यावर टाकली.

मी हसले, पण मनात म्हटलं, मराठीच तर आहे, दोन दिवसांत सरावेन. एवढ्याच भरवशावर मी पुढचे दिवस काढले.

गावाच्या वरच्या अंगाला दहा पावलं रुंद नाला होता. डिसेंबरातही त्यात हातभर रुंद धार वाहत होती. ती अडवून गुरांसाठी आणि खालच्या शेतांसाठी पाणी साठवायचं ठरलं होतं. गोडबोले सरांनी दोरी लावून जागा आखली. दोन्ही अंगांना दगड आणि मध्ये माती, असा बांध घालायचा होता. गावचे लोक कुदळी-टोपल्या घेऊन यायचे. हॉलंडची मुलं सकाळी मोठ्या उत्साहाने कामाला लागायची आणि दुपारपर्यंत लाललाल व्हायची. बांध हा यानचा अगदी घरचा विषय. दगड कसा बसवावा हे तो सांगायचा, मी मराठीत सांगायची, आणि माणसं त्याच्याकडे कौतुकाने बघायची.

चौथ्या दिवशी भर दुपारी पार्बताबाई कापूस वेचणं सोडून तिथे आली. डाव्या काठावर उभी राहून तिने पायाच्या अंगठ्याने माती उकरली आणि मला म्हणाली, "बाई, येथं खेकड्याइची घरं हायेत. तुमी वरून थांबवसान, पन पानी खालून पयते. अंदर पाया घ्या लागते."

मला खेकडे कळले, घरं कळली. 'पयते' म्हणजे पळते, हे डोक्यात शिरलंच नाही. ऊन मी म्हणत होतं, पोटात कावळे ओरडत होते आणि गोडबोले सर पलीकडून मला हाका मारत होते. पुन्हा विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही.

"काय म्हणतात त्या?" यानने विचारलं.

"इथे खेकड्यांची घरं आहेत, असं म्हणतात."

लीसला फार गंमत वाटली. यान हसून म्हणाला, "त्यांना सांग, खेकड्यांना आम्ही त्रास देणार नाही."

मी ते तसंच मराठीत सांगितलं. पार्बताबाईने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं. पदर खोचला आणि ती कापसाकडे परत गेली.

आठव्या दिवशी बांधाचं तोंड बंद झालं आणि पाणी चढू लागलं. त्यानंतरचे तीन-चार दिवस माझ्या आयुष्यातल्या फार सुखाच्या दिवसांपैकी होते. शेतात मडक्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगा आम्ही ढिगाने खाल्ल्या. लीसने भाकर थापायला घेतली. तिची पहिली भाकर बैलाने खाल्ली, दुसरी यानने. संध्याकाळी गुरं पाण्यावर येत आणि बाया काठावर उभ्या राहून नुसत्या त्या पाण्याकडे बघत.

बाजाराच्या दिवशी आम्ही वाशीमला गेलो. दगडी पायऱ्यांचं जुनं मोठं तळं यानने आधी पूर्ण फेरी मारून पाहिलं. मग पायऱ्या उतरून शेवटच्या पायरीवर बसला. धोतर वाळत घालणाऱ्या एका म्हाताऱ्याला त्याने माझ्याकडून विचारलं, हे पाणी इथे टिकेल हे बांधणाऱ्यांना कुणी सांगितलं असेल?

म्हातारा म्हणाला, "येथच्याच कोनी तरी सांगतलं असंन. दुसऱ्याले कसं माहीत राहीन?"

मी ते भाषांतर करून सांगितलं आणि मला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. रात्रीचा मुक्काम वाशीमला करून सकाळच्या मोटारीने आम्ही मेडशीला परतलो.

स्टँडवरच कुणीतरी म्हणालं, "बांध फुटला."

आम्ही सामान तिथेच टाकून पळत गेलो. बांध वरून तसाच उभा होता, एक दगड हललेला नव्हता. पण डाव्या काठाखाली माणूस वाकून जाईल एवढं भगदाड पडलं होतं आणि तळं रिकामं होतं. सगळं पाणी खालच्या शेतात घुसलं होतं. ते शेत पार्बताबाईचं. वीतभर वाढलेला हरभरा गाळात लोळत होता, अर्ध्या शेतात नुसती दगडमाती पसरली होती. ती मधोमध उभी राहून एकेक रोप उपटून बघत होती.

काठावर गाव जमलं होतं. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, पण 'जानरावचा बांध' हे शब्द दोन-तीनदा माझ्या कानावर आले. यान चिखलात गुडघे टेकून भगदाडात हात घालत होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "दगड मी बसवले," तो सरांना म्हणाला. "माझंच काहीतरी चुकलं." सर म्हणाले, माती नीट ठोकली गेली नसावी.

पार्बताबाई वर आली. ती यानकडे गेली नाही, माझ्यापाशी आली. आवाज न चढवता म्हणाली, "म्या सांगतलं होतं ना पोरी. खालून पयते म्हनून. तू त्याले सांगतलं नाही काय?"

यानने मान वर केली. "काय म्हणतात त्या?"

कबूल करते, त्या क्षणी मला खोटं बोलावंसं वाटलं. शेत गेल्याचं म्हणतात, एवढं सांगून भागलं असतं. तिथे दोन्ही भाषा कळणारी मीच होते. सरांना इंग्रजी येत होतं, पण ते आता भगदाडाच्या पलीकडे गेले होते. पण पार्बताबाई माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मी काय सांगते ते तिला शब्दांनी नाही तरी चेहऱ्यावरून कळलं असतं.

"त्या म्हणतात, त्यांनी चौथ्या दिवशीच बजावलं होतं," मी म्हणाले. "खेकड्यांच्या बिळांतून पाणी बांधाखालून निघून जाईल, म्हणून आत खोल पाया घ्या, असं. मला ते नीट कळलं नव्हतं. आणि मी पुन्हा विचारलं नाही."

यान चिखलातून उठला. मग म्हणाला, "आमच्याकडे चिचुंद्र्यांसारखे प्राणी बांधात बिळं करतात. माझे आजोबा दर वसंतात अनवाणी बांधावरून चालायचे, पायाला ओल कुठे लागते ते बघायला. बिळं एवढाच शब्द तू सांगितला असतास, तरी मी हातातला दगड खाली ठेवला असता."

तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. मी पार्बताबाईला त्याच्या आजोबांचं सगळं सांगितलं, खाऱ्या पाण्याखाली गेलेल्या शेताचंही, एकही शब्द न गाळता. ती ऐकत राहिली आणि मग पहिल्यांदाच थेट त्याच्याशी बोलली, "असं काय? मंग तुले समजते."

आम्हाला परतायला सहा दिवस उरले होते. गावातले बरेच जण म्हणाले, झालं तेवढं बस झालं. यान आणि सरांनी मात्र बांध पुन्हा घालायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पार्बताबाई स्वतःची कुदळ घेऊन नाल्यावर आली. पाराजवळून येताना तिथे बसलेल्यांना ती थांबून म्हणाली, "माह्या हरभऱ्याची तर माती झाली. आता नीट बांधून राह्यले ते, अन् तुमी बसून काहून राह्यले?" दुपारपर्यंत वीस-बावीस माणसं आली.

डाव्या काठाला कडक मुरूम लागेपर्यंत चर खणला. एकेक बीळ उकरून काढलं. तळ्याच्या गाळातली काळी चिकण माती पाणी घालून पायांनी तुडवली आणि चरात थरावर थर देत भरली. चौथ्या दिवशी दुपारी मी टोपली ठेवून वर पाहिलं. यान अनवाणी बांधाच्या पायथ्याशी चालत होता आणि पार्बताबाई त्याच्या मागे. तो थांबून पायाने जागा दाखवी, ती वाकून हात लावी, मान हलवी. एकदा तिने त्याच्या दंडाला धरून त्याला दोन पावलं मागे आणलं. तो डच बोलत होता, ती वऱ्हाडी. मला कोणी हाक मारली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी पाणी गुडघ्याला लागलं होतं आणि खालचं शेत कोरडं होतं. पार्बताबाई म्हणाली, हरभऱ्याचे दिवस गेले, आता मेथी टाकते. तिचं नुकसान मेथीने भरून येणार नव्हतं. हे तिलाही माहीत होतं, आम्हालाही.

सकाळी मोटारीपाशी ती मला म्हणाली, "याले सांग, आजाले मेडशीच्या बाईचा रामराम सांगजो. अन् त्याइच्या वावरातलं खारं पानी निंगालं का नाही, ते कयवजो." मी 'निंगालं' म्हणजे निघून गेलं का, ते विचारलं. 'कयवजो' म्हणजे कळव, हेही विचारून घेतलं. तिने न कंटाळता सांगितलं. मग मी यानला सांगितलं. त्याने दोन्ही हात जोडले, ते थोडे वेडेवाकडे जोडले गेले.

यानची पत्रं दोन-तीन वर्षं येत होती, मग थांबली. वाशीम आता स्वतंत्र जिल्हा झाला आहे. मेडशीच्या रस्त्याला आता सगळीकडे सोयाबीन दिसतं, असं तिकडून आलेल्या कुणीतरी सांगितलं. मी पुन्हा गेले नाही. बांध राहिला की गेला, ठाऊक नाही. कधी बाजारात तुरीच्या ओल्या शेंगा दिसल्या, की मडक्यातून वर येणारी ती वाफ आठवते, भाकर करताना भाजलेले लीसचे हात आठवतात आणि जीव थोडा वेळ तिकडेच राहतो.

पुण्याला घरी पोचले ती सकाळ मात्र स्पष्ट आठवते. आई देवळात गेली होती. मागच्या अंगणात तुळसाबाई भांडी घासत होत्या. त्या मावळातल्या. आमच्याकडे सात-आठ वर्षं कामाला होत्या आणि काम करताना सतत काहीतरी बोलत असायच्या. मी जाता येता 'हं, हं' म्हणायची. त्या दिवशीही त्या कसलंसं सांगत होत्या, त्यांच्या गावाकडच्या भावाचं आणि कुठल्याशा घराचं. मी पायरीवर बसले आणि म्हटलं, "तुळसाबाई, मला नीट कळलं नाही. परत सांगता?"

त्यांनी आधी माझ्याकडे जरा संशयानेच पाहिलं. मग हातातलं पातेलं खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.