आईची पंडरी

काल पंडरीच्या कापडबाजारात दोन बंद शटरांच्या मधल्या एका दुकानातून कोऱ्या कापडाचा वास आला आणि ताईच्या लग्नाची खरेदी आठवली. तेव्हा या गल्लीत पाय ठेवायला जागा नसायची. दुकानातल्या गादीवर ऐसपैस बसून आई म्हणत होती, "भैया, अजून दाखवा." साड्यांचा ढीग तिच्या गुडघ्यांपर्यंत आला होता.

"काहून एवढा वेळ लावून राहिली?" बाबा दारातून ओरडले.

"मले पाहू द्या," ती मागे न वळता म्हणाली. बाबा बाहेर पायरीवर जाऊन बसले. घरात ती त्यांना असं कधीच बोलली नव्हती. मला तेव्हा नुसतं हसू आलं होतं.

आई बसली होती ते दुकान आता बंद पडलंय. आईच्या साड्या मी फोनवरून मागवतो. ती घडी न उलगडताच म्हणते, "चांगली आहे."