पलंगाच्या बदल्यात इंजिन

आत्याने लग्नातला लोखंडी पलंग भंगारवाल्याला देऊन त्याच्याकडचं पेट्रोलचं छोटं इंजिन घरी आणलं, तेव्हा तिच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या काकांनी, एवढंच विचारलं, "मी झोपू कुठे?"

"जमिनीवर. तिथून कोणी पडल्याचं ऐकलं नाही."

गुडघे कुरकुरायला लागल्यापासून शेतीची कामं आत्याच्या जिवावर यायची, आणि काकांची मदत म्हणजे बांधावरून सल्ला. तिने इंजिन ढकलगाडीवर बोल्ट मारून पक्कं केलं. सकाळी पंपाला जोडलं की वाफ्यांत पाणी. दुपारी पट्टा बदलला की तेच इंजिन चारा कापायचं, नाहीतर मका सोलायचं. प्लग घासायला तिने काकांचा दातांचा ब्रश उचलला. काकांना महिनाभर कळलं नाही; चव बदलली म्हणून ते पेस्टलाच शिव्या घालत होते.

थोरल्या दिरांना मात्र हे बघवेना. "बाईमाणसाने असली फटफटी हाकू नये!"

"मग तुम्ही हाका, दादा. फक्त मिशी पट्ट्यात येऊ देऊ नका."

त्या उन्हाळ्यात वीज गेली ती आठ दिवस. दिरांची विजेची मोटर विहिरीवर मुकी बसली आणि वांग्यांच्या रोपांनी माना टाकल्या. आठव्या दिवशी सकाळी दीर आत्याच्या गुडघ्याची चौकशी करायला आले. आयुष्यात पहिल्यांदाच.

"गुडघा बराय," आत्या म्हणाली. "इंजिन हवंय ना?"

"हवंच असं काही नाही..."

"ओढा दोरी."

त्यांनी ओढली. पुन्हा ओढली. बाराव्या हिसक्याला सदरा बगलेत फाटला. मग आत्याने शांतपणे पेट्रोलची चावी उघडली.

"हे आधी नाही सांगायचं?"

"तुम्ही आठवडाभर थांबलात, मी जरा थांबले."

दोघांनी गाडी ढकलत विहिरीवर नेली. दुपारपर्यंत पाणी शेवटच्या सरीला पोचलं. अर्धी रोपं गेलीच होती, अर्धी तगली. दीर सरीत पाय बुडवून उभे होते. शेवटी पुटपुटले, "बाई, चुकलंच माझं."

"काय? इंजिनच्या आवाजात ऐकू येत नाही!"

तिसऱ्यांदा ते इतक्या जोरात ओरडले की पलीकडच्या शेतातल्या बायका कामं सोडून बांधावर आल्या.

पुढच्या हंगामात दिरांनी स्वतःचं इंजिन घेतलं आणि पहिल्याच दिवशी टाकीत पेट्रोलऐवजी रॉकेल ओतलं. आत्या टाकी धुवायला गेली. टाकी दहा मिनिटांत झाली. दिरांना धुऊन काढायला दुपार लागली.