अंबादासनं बदललेला शेवट

फोन आला तेव्हा मी मंडईत मेथीच्या जुडीवरून घासाघीस करत होतो. श्रावणीचं नाव दिसलं आणि जुडी तशीच खाली ठेवली. "काका, अप्पा गेले. सकाळी. त्रास नाही झाला," एवढंच ती म्हणाली. अंबादास जाणार हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. बोलणं केव्हाच थांबलेलं, गिळणंही जवळजवळ थांबलेलं... तरी ठाऊक असलेली गोष्ट प्रत्यक्ष घडली की माणूस वाटेतच उभा राहतो. मागून कुणीतरी म्हणालं, "सरका की काका, वाट अडवून काय उभारलाय." मी सरकलो. घरी मेथी न्यायची राहिलीच.

शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीतल्या त्याच्या घरी पोचलो तर गल्ली भरली होती. त्याची बायको ललिता आत बायकांच्या घोळक्यात होती. श्रावणी, त्यांची एकुलती एक मुलगी, आल्यागेल्याला पाणी देत होती. आणि मी बघितलं, पाणी घेणारा प्रत्येक जण आधी तिच्या हाताकडं बघत होता. पेला हलतोय का? मला संताप आला. मग लक्षात आलं की मीही तेच बघतोय.

हे नीट सांगायला हवं. अंबादासच्या घराण्यात एक आजार होता. चाळिशीच्या आसपास हात-पाय आपोआप हलायला लागतात, तोल जातो, पुढं जीभ साथ सोडते. त्याचे आजोबा मागावर काम करायचे. आयुष्यात दारूचा थेंब न घेतलेल्या त्या माणसाला गल्ली दारुडा म्हणायची. वडील तसेच गेले, त्यांना कुणी दारुडा म्हणालं नाही, त्यांच्या वेळेपर्यंत करणी झालीय असं ठरलं होतं. मोठ्या भावाची पाळी आली तेव्हा अंबादास त्याला घेऊन पुण्याच्या डॉक्टरांकडं गेला आणि तिथं पहिल्यांदा कळलं की हा सगळा एका बिघडलेल्या जनुकाचा खेळ आहे. आई किंवा बाप, एकाकडं असलं की प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. श्रावणी तेव्हा शाळेत जात होती. अंबादासनं स्वतःची तपासणी केली नाही, पण आजाराचं खरं नाव आणि कारण घरोघरी जाऊन सांगितलं. नातेवाईक खवळले. आता आमच्या पोरींना कोण करून घेणार, म्हणून चुलते वर्षभर त्याच्या उंबऱ्यावर आले नाहीत. तो म्हणायचा, आजोबांच्या नावावरची दारू तरी पुसली.

तो विज्ञान शिकवायचा, मी इंग्रजी. एकाच शाळेत, एकाच स्टाफरूममध्ये, आणि कुठल्याही विषयावर एकमत नाही. घरचे माग विकल्यावर त्याची शेड रिकामी पडली होती. खिडक्यांना डागी निघालेले टॉवेल ठोकून त्यानं तिथं अंधार केला आणि रविवारी दुपारी सिनेमे दाखवायला सुरुवात केली. तेही फक्त वैज्ञानिक कल्पनांचे, बहुतेक इंग्रजी. बघायला कोण? विड्या वळणाऱ्या बायका, यंत्रमागावरचे कामगार, शेजारच्या मोहल्ल्यातली मंडळी, झाडून सगळे. इंग्रजी कुणालाच यायचं नाही. म्हणून अंबादास पडद्याच्या कडेला उभा राहून सिनेमा सांगायचा. आवाज थोडा कमी करायचा आणि एक वाक्य मराठीत, अर्धं तेलुगूत, मधेच पुढच्या रांगेतल्या रशीदभाईंसाठी दख्खनीत. यंत्रमानवाला तो "आपला माग, फक्त बोलणारा" म्हणायचा आणि सगळ्यांना तत्काळ समजायचं. मी भाषांतराच्या चुका मोजत मागं बसायचो. असं सांगणं मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही, हे त्याच्या हयातीत कधी कबूल केलं नाही एवढंच.

त्याला सगळ्यांत जास्त नाद होता तो जन्माआधीच माणसाचं भविष्य ठरवणाऱ्या सिनेमांचा. रक्ताच्या थेंबावरून कुणी काय व्हायचं हे ठरतं, आणि एखादा हट्टी जीव ते मानत नाही, अशी त्यांची गोष्ट. एकात एक मुलगी होती. तिशीत ही बहिरी होणार असं तिच्या रक्तात निघतं, म्हणून तिला गाणं शिकवायला सगळे नकार देतात. ती भिंतीआडून शिकते, कष्ट उपसते, आणि शेवटी भरलेल्या सभागृहात गाते. सिनेमा म्हणतो, तिच्या जिद्दीपुढं जनुक हरलं, तिचे कान शाबूत राहिले. पडद्यावर टाळ्यांचा कडकडाट आणि तिचे भरलेले डोळे. अंबादासनं मात्र शांतपणे सांगितलं, "तिला आता काही ऐकू येत नाही. टाळ्याबी नाही, स्वतःचा आवाजबी नाही. तरी गातेय बघा." शेडमध्ये बायका हुंदके देत होत्या. मी मागं बसून रागानं लाल झालो होतो.

सगळे गेल्यावर मी त्याला धरलं. तू धडधडीत खोटं सांगितलंस, करणाऱ्यानं केलेला शेवट बदलायचा तुला काय अधिकार, असं बरंच बोललो. तो टॉवेल सोडवत होता. मग पायरीवर बसला.

"जिद्दीनं रक्तावर मात केली म्हटलं की टाळ्या पडतात," तो म्हणाला. "मग आमचा दादा? त्याची जिद्द कमी पडली म्हणून गेला होय? शेवटपर्यंत स्वतःच्या हातानं चहा प्यायचा तो. निम्मा अंगावर सांडायचा, पण कुणाला कप धरू द्यायचा नाही. आजार हटला नाही म्हणून ती जिद्द वाया गेली, असं मी ह्या लोकांना सांगू?"

 भांडायचं म्हणून मी म्हणालो, म्हणजे रक्तात आहे तेच खरं? त्यावर तो हसला. रक्तात आहे ते आहेच, ते नाकारणारा मी कोण, विज्ञान शिकवून पोट भरतो, असं म्हणाला. पण रक्त तपासलं म्हणजे माणूस कळला असं समजणारे सगळ्या सिनेमांत मूर्ख ठरतात आणि आपल्या गल्लीत तेवढे शहाणे ठरतात, हे त्याला खटकायचं. दादाला कुणी कधी विचारलं नाही की तुला कुठली भाजी आवडते, सगळे फक्त किती हलतोस ते विचारायचे... एवढं बोलून तो उठला. मी दोनेक आठवडे त्याच्याशी तिरसटच वागलो, पण ते भाजीचं बोलणं डोक्यातून गेलं नाही.

पुढं या शेवटाची मोठी गंमत झाली. पहिल्या रांगेत बसणाऱ्या राजमणीअक्का विड्या वळता वळता तो सिनेमा अख्ख्या गल्लीला सांगायच्या. त्यांच्या नातीनं तो मोबाईलवर शोधला, बघितला आणि जाहीर केलं की गाणारी बहिरी होतच नाही. दोघींची जुंपली आणि न्यायनिवाड्याला दोघी शेडमध्ये आल्या. अंबादास तोंड उघडणार तोच अक्का म्हणाल्या, "मोबाईलमधला पिक्चर चुकीचा हाय. मास्तरकडं खरा हाय." सगळ्यांनी माना डोलावल्या. नात एकटी पडली. अंबादासनं माझ्याकडं बघितलं आणि मी छताकडं. पूर्व भागात आजही त्या सिनेमाचा तोच शेवट खरा मानतात.

मग त्याची पाळी आली. सांगताना तो पडद्याकडं बोट करायचा आणि प्रकाशात त्याच्या हाताची सावली पडायची. एका दुपारी ती सावली थरथरली. हात खाली घेतला, पुन्हा वर केला, पुन्हा तेच. काय झालं ते न सांगता सगळ्या शेडला कळलं. श्रावणी प्रोजेक्टरपाशी बसली होती, ती उठून उभी राहिली. अंबादास म्हणाला, "हलतोय तो माझा हात. गोष्ट तिकडं चाललीय, तिकडं बघा." आणि पुढं सांगत राहिला. इतकं धैर्य मी आयुष्यात जवळून पाहिलेलं नाही. त्या दिवशी मी घरी जाऊन रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

त्यानंतरची सगळी वर्षं तो बोलत राहिला, जीभ जड होईपर्यंत. मग खुर्चीत बसून शब्द सुचवायचा आणि श्रावणी सांगायची. शब्द गेले तेव्हा नुसता बसायचा, आणि तिनं एखादी गोष्ट सोपी करायला जरा जास्त वेळ घेतला की घशातून आवाज काढायचा. श्रावणीनं तपासणी करावी की नाही यावर घरात दोन तट होते. ललितावहिनींना भीती वाटायची. स्थळं यायची आणि घराचं नाव ऐकून परत जायची. अंबादासला बोलता येत होतं तेव्हाच त्यानं लेकीला सांगून ठेवलं होतं: मी तपासलं नाही ते माझ्यापुरतं, तू तुझं ठरव, आणि ठरवशील ते कुणासाठी म्हणून ठरवू नकोस.

तो गेल्यावर महिन्याभरानं, आपण पुण्याला तपासणीसाठी रक्त देऊन आल्याचं तिनं मला सांगितलं. निकाल ऐकायला सोबत कुणीतरी आणा असं तिथल्या समुपदेशक बाईंनी सांगितलं होतं. आईला नेणं तिच्या जिवावर आलं होतं. मी गेलो. बाहेरच्या बाकावर बसलो, आणि सत्तर वेळा घडी केलेला पेपर पुन्हा उघडत राहिलो. ती बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून मला काही वाचता आलं नाही. एवढी वर्षं पोरांचे चेहरे वाचून कॉपी पकडणारा मी.

परतताना मोहोळला चहाला उतरलो. तिनं दोन चहा सांगितले. मग म्हणाली, "कळलं मला, काका. आईला सांगणार. ज्याच्याशी लग्न करीन त्याला सांगणार. बाकी कुणाला नाही. तुम्हीपण विचारू नका."

मी बरं म्हणालो.  चहा संपल्यावर तिनं विचारलं, रविवारी कुठला लावायचा... मी एक नाव सांगितलं, तिनं ते कंटाळवाणं आहे म्हणून मोडीत काढलं. अगदी बापासारखं.

रविवारी शेड भरली होती. राजमणीअक्का पुढं, रशीदभाई त्यांच्या जागी, ललितावहिनी दाराशी. टॉवेलच्या फटीतून ऊन येत होतं. अंबादासची खुर्ची कडेला तशीच होती, त्यावर कुणी बसलं नाही आणि ती कुणी हलवलीही नाही. श्रावणी पडद्यापाशी जाऊन उभी राहिली. विचारायचं नाही असं मी कबूल केलं होतं, बघायचं नाही असं नव्हतं. म्हणून मुद्दाम मधली जागा धरून बसलो होतो, तिचे दोन्ही हात दिसतील अशी. ती सांगायला लागली. दुसऱ्या ग्रहावर एकटी राहिलेली एक म्हातारी होती, तिचं शेत होतं, आणि पाणी संपत आलेलं. मराठी, मग तेलुगू, मग रशीदभाईंसाठी दोन वाक्यं. म्हातारीला पाणी मिळणार का, हे मला काही केल्या समजत नव्हतं. दिवे लागले, लोक उठले, आणि तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की तिच्या हातांकडं बघायचं मी साफ विसरून गेलो होतो.