परजीवीचं लॅटिन

आमच्या गाईड सरांना लॅटिन येत नव्हतं, आणि तेव्हा नवी वनस्पती जगापुढे मांडायची तर तिचं वर्णन लॅटिनमध्येच लागायचं. दोन हजारच्या आसपास मी कोल्हापुरात त्यांच्या हाताखाली संशोधन करत होते. कामापुरती ती भाषा मी ग्रंथालयातल्या जाड कोशावरून शिकले.

गगनबावड्याच्या घाटात ती वनस्पती मला सापडली. ना पान, ना हिरवा रंग. दुसऱ्याच्या मुळाला तोंड लावून जगणारी. असल्या परजीवीला कोणतं झाड पोसतं हे खणल्याशिवाय कळत नाही. पायाला जळवा लागलेल्या असताना खुरप्यानं चिखल उकरून दोन्ही मुळांचा सांधा मी शोधला.

सरांनी लेख तयार केला. त्यावर नाव त्यांचं आणि त्यांच्या पुतण्याचं. पुतण्यानं घाट एसटीच्या खिडकीतून तरी पाहिला होता की नाही, देव जाणे. मी विचारलं तर सर म्हणाले, "तुझं पुढच्या येळंला बघू. तू लॅटिन तेवढं लिहून दे की." आयत्या बिळावर नागोबा! माझं डोकं सणकलं होतं, पण मी मुकाट्यानं पेन काढलं.

'हर्बा पॅरासिटिका, अफिल्ला' असं लिहिलं. परजीवी, पर्णहीन. पोसणाऱ्या झाडाला 'प्लांटा नुट्रिक्स' म्हणतात, म्हणजे दूध पाजणारी दाई. आमच्या विभागात ती दाई मीच होते.

"सर, पोसणारं झाड कुठलं लिहू?"

त्यांनी मानही वर केली नाही. "कारवी लिही. घाटात दुसरं काय हाय?"

ती कारवी नव्हती. मी कारवी लिहिलं.

लेख छापून आला. पेढे वाटले, मीही खाल्ला. त्या हिवाळ्यात आमच्या विभागात चर्चासत्र झालं. सरांचं बोलून झाल्यावर बाहेरगावचे एक वृद्ध तज्ज्ञ उठले. "कारवीच्या मुळाशी असलेला सांधा तुम्ही स्वतः पाहिलात?"

सरांनी पुतण्याकडे पाहिलं. पुतण्या आपल्या बुटांकडे बघत राहिला. मग सरांनी माझ्याकडे बोट केलं. "ही सांगंल. खणायला हीच गेलती."

भरल्या सभागृहानं ते ऐकलं. मी उठले. "मी कशी गेलते सर? लेखात माझं नाव न्हाय."

तज्ज्ञांनी चष्मा काढून मला विचारलं, "मग खरं झाड कोणतं?"

ते मी सांगितलं. पण सर खाली बसेपर्यंत मी थांबले.