दगडावरली शेवटची ओळ

मोशी ते निघोजे ह्या पट्ट्यात गोल्फच्या मैदानाची माझ्याएवढी म्हायती असलेला माणूस दुसरा न्हाई. असणार कसा, दुसऱ्या कुणाला मीच आत येऊ दिलं न्हाई.

शाळेत मी गेलतो. दुसरीत मास्तरांनी हात जोडून घरी पाठवला. म्हणून हे मी बोलतोय आन् सून लिवून घेतीय. लिवता लिवता मधीच हसती, मधीच पेन थांबवती. थांबू नको म्हणलं, लिव.

आमच्या मैदानावर भोकाभोवती गवत नसायचं. तेवढं पाणीच न्हवतं. तिथं वाळू टाकायची, वाळूत कंपनीतनं आलेलं जळकं तेल कालवायचं, आन् वरनं गोणपाट ओढत गोल गोल फिरायचं. ताटासारखी गुळगुळीत जागा व्हायची. अशा नऊ जागा. ते काम माझं. आपण पुढं चालायचं, मागनं गोणपाट आपलेच ठसे पुसत यायचं.

एका सकाळी पाचव्या जागेवर एक पाऊल राहिलं. अनवाणी. अंगठ्यासकट.

मैदान सरकारचं, पण चालवायचे सेक्रेटरी साहेब. ते चार पाहुणे घेऊन तिथं उभे.

"हा पाय कोणाचा?"

माझाच. दुसऱ्या कुणाचा असणार, एवढा फताडा पाय सगळ्या मावळात न्हाई.

"पूस."

मी गोणपाट आणाया वळलो.

"गोणपाट नको. सदऱ्यानं पूस."

सदरा लग्नातला. लगीन होऊन आठ दिवस झालते. काढला. उघडा गुडघ्यावर बसलो. पुसला.

साहेब पाहुण्यांना म्हणाले, "बघा. आता इथं कोणी आलंच नव्हतं."

चौघं हसले. आन् मी? मी बी हसलो. सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो. वर म्हणालो, "साहेब, पाय बी काढून ठिवू का भायेर?" मग तर त्यांना हसू आवरंना. एकानं पाठीवर थाप मारली. उघड्या पाठीवर. मला भारी वाटलं. ते सांगताना आज तोंड कडू होतंय, पण तवा वाटलं. खोटं कशाला बोलू.

घरी येऊन बायकूला, कौसल्याला, नक्कल करून दावली. ती हसली न्हाई. तीन दिस सदरा घासला तिनं. जळकं तेल ते. निघालं न्हाई.

तेव्हापासनं मी तिथला जोकर. पाहुणे आले की साहेब म्हणायचे, "अरे तो पायाचा किस्सा सांग." मी सांगायचो. दर खेपंला जरा वाढवून. शेवटी शेवटी तर मी सदऱ्याबरोबर धोतर बी काढायला लागलो किश्श्यात.

त्याचं बक्षीस मिळालं. साहेबांनी मला गेटवर बसवलं. हातात काठी, गळ्यात शिट्टी. मला वाटलं मी फौजदार झालो.

गेटला एक दगड होता. काळा, छातीएवढा. गोरे गेल्यावर मैदान सरकारकडं आलं, तवा बसवलेला. त्यावर इंग्रजीत कोरलेलं. दरसाल मोठ्या स्पर्धेच्या आदी त्या अक्षरांत पांढरा रंग भरायचं काम बी माझ्याकडंच आलं. बारीक ब्रश घ्यायचा, जीभ भायेर काढायची, एकेक अक्षर भरायचं. कडंच्या भायेर थेंब जाऊ द्यायचो न्हाई. वरच्या तीन ओळी. खालची एक सोडायची.

"त्या ओळीवर चुना मार," साहेब म्हणाले. "आणि पुढं मेंदी लाव. दाट."

मला वाटलं साहेब रंग वाचवतायत. मेंदी अशी वाढवली की शेळी तोंड घालंना.

काय लिवलंय ते मी कधी इचारलं न्हाई. मला ठाऊक हुतं ना! आत येऊ नये. आमच्यासारख्यांसाठी दगडावर दुसरं काय लिवणार?

मग मी तसाच वागलो. गुरं घेऊन कोण आलं, शिट्टी. कंपनीतली पोरं सुट्टीच्या दिवशी कुंपणाला नाक लावून उभी ऱ्हायली, काठी. निघोज्याचा नामदेव माझा लंगोटीयार. एकाच डोहात पवायला शिकलो इंद्रायणीत. तो कंपनीत लागलेला, फर्स्ट शिफ्टला. एका आठवडी सुट्टीला पोराला घेऊन आला. पोराला नवी चड्डी घातलेली.

"राव, पावती फाडतो की," नामदेव म्हणाला. "पोराला दोन चेंडू मारू दे. मला कंपनीतल्या एकानं सांगितलंय, पावती फाडली की चालतं."

"कोण म्हणतं चालतं? वाच दगडावर!"

"तूच वाच ना," तो हसून म्हणाला.

मला राग आला. वाचता येत न्हाई हे त्याला ठाऊक हुतं. मागं कट्ट्यावर साहेब चहा पीत बघत होते. मी काठी घातली. नामदेवच्या नडगीवर. पोराच्या देखत. तो खाली बसला. पोरगं रडलं न्हाई, माझ्याकडं नुसतं बघत ऱ्हायलं.

मागनं साहेब म्हणाले, "शाब्बास."

त्या शाब्बासकीवर मी महिनाभर छाती काढून फिरलो.

मग साहेब गेले. वर. मैदानाचं बी मरण सुरू झालं. पहिलं कुंपण गेलं. मग कंटेनरवाले गाड्या लावाया लागले, तिसऱ्या जागेवर टायरचे खड्डे. मोशीत बिल्डिंगा उठल्या तसा राडारोडा यायला लागला, डंपर भरभरून. एका कोपऱ्यात लग्नाचा मंडप पडायचा, सकाळी पत्रावळींवर कुत्री. राहिलेल्या जागंत वेडी बाभळ. मला पगार बंद झाला तरी मी दोन वर्सं गोणपाट ओढत होतो. येडाच. राडारोड्याच्या ढिगाऱ्यामधी दोन गोल तेवढे गुळगुळीत. लोक म्हणायचे म्हाताऱ्याला काय तरी लागलंय.

गेटची भिंत पडली तवा दगड मी घरी आणला. खरं सांगतो, आठवण म्हणून न्हाई. कौसल्याला कपडे धुवायला दगड पायजे हुता. अक्षरं टोचत्यात म्हणून पालथा घातला. इतकी वर्सं साबणाचं पाणी पीत पडला.

ह्या वर्षी मोरीचा पाइप बदलायचा हुता. प्लंबरनं दगड उलटा केला. सून तिथंच उभी. ती चाकणला कंपनीत क्वालिटीला हाय, पार्टवर केसाएवढा ओरखडा असला तरी तिला दिसतो. तिनं पाणी मारलं. घासणीनं घासलं. चुना निघाला.

"आबा, ही ओळ कुणी बुजवली?"

"मी. का?"

ती वाचाया लागली. आधी इंग्रजीत. मग मराठीत सांगितलं.

"हे मैदान सर्वांसाठी खुलं आहे. दिवसाची पावती घेईल त्या कोणालाही इथं खेळता येईल."

मी म्हणलं, परत वाच.

तिनं परत वाचलं. मी आणखी एकदा वाचाया लावलं. प्लंबर बी पाना धरून उभा.

कोणालाही. म्हंजे नामदेव. नामदेवचं पोरगं. म्हंजे मी. अंगठ्यासकट.

पहिल्यांदा मला हसूच आलं. सवय हो. आन् मग हसू मधीच अडकलं. माझा मालक मला बुडवून गेला असं म्हणायला बी तोंड न्हाई मला. चुना माझ्या हातानं मारला. मेंदी माझ्या हातानं लावली. काठी माझ्या हातानं घातली. त्यांनी नुसता चहा पिला.

निघोज्याला गेलो. नामदेव वट्ट्यावर बसलेला, गुडघ्याला तेल चोळत. मी सगळं सांगितलं. वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तो म्हणाला, "मला खेळायचं न्हवतंच रे. पोराला दावायचं हुतं, आपल्याला बी आत जाता येतं."

एवढंच. मग तेल चोळत बसला.

मी घरी चालत आलो. बस समोरनं गेली, हात केला न्हाई. त्या वाटंवर मला आयुष्यात पहिल्यांदा खरा राग आला. आदी जो यायचा तो साहेबाचा राग असायचा, मी नुसता वापरायचो. हा माझा हुता.

आन् बघा नशीब, पंधरा दिवसांत समितीच दारात. मैदान परत उभं करायचं. जुनं वैभव, वारसा, असलं कायकाय. समितीचे मुख्य कोण? सेक्रेटरी साहेबांचे चिरंजीव. पांढरी गाडी, मागनं टेम्पो. जुना नकाशा त्यांच्याकडं न्हाई. नऊ जागा कुठं हुत्या ते आता फकस्त मला ठाऊक. कुठल्या ढिगाऱ्याखाली कुठली, जुन्या विहिरीपासनं किती पावलं, सगळं.

धाकटे साहेब लई गोड बोलले. "आबा, उद्घाटनाला तुमचा सत्कार. शाल, श्रीफळ. आणि तो पायाचा किस्सा सांगायचा हं तुम्ही. बाबा नेहमी सांगायचे."

"सांगतो की," मी म्हणलं. "आन् दगड?"

"दगड आम्ही नेतो. क्लबहाउसमध्ये लावू. खालचा भाग जरा खराब झालाय, तेवढा कटरनं काढून टाकू."

"खालचा भाग मी कालच घासलाय, साहेब. नव्यासारखा झालाय."

ते सुनेकडं बघाया लागले. मग दगडाकडं. "आबा, आता ते सभासदांसाठी होतंय. खर्च केवढा आहे! त्या ओळीला आता काही अर्थ नाही."

मी दगडावर जाऊन बसलो. मांडी घालून. "चालवा कटर."

"हा दगड चोरीचा आहे, माहीत आहे ना? आम्ही तक्रार देऊ शकतो."

"व्हय, चोरलाय! द्या तक्रार. मी सवता येतो चौकीत. पंचनामा हुईल. दगडावर काय लिवलंय ते हवालदार पंचनाम्यात उतरून घील. शेवटच्या ओळीसकट. मराठीत बी सांगंल सून त्याला. मग ती ओळ सरकारी कागदावर आली, साहेब. तिथं कटर चालतो का?"

टेम्पोवाला फिस्सकन हसला. धाकटे साहेब न्हाई हसले. मला जन्मात एवढं गोड काय लागलं न्हाई, कुणी न हसलेलं.

"आबा, तुम्ही आमचं मीठ खाल्लंय."

"खाल्लं की. तुमच्या वडिलांनी ज्या सदऱ्यानं मैदान पुसून घेतलं, त्याचं बिल कुणी भरलं?"

गाडी माघारी वळली. टेम्पो रिकामा गेला.

आता माझं ऐका. मैदान परत व्हावं, मला बी पायजे. कुणापरीस जास्त पायजे. नऊच्या नऊ जागा दावीन, ह्या वयात गोणपाट ओढीन. पण आदी दगड गेटला बसंल. आन् त्यात पहिला रंग शेवटच्या ओळीत भरीन. तवर एक जागा दावणार न्हाई. मेलो तर जागा माझ्यासंगं जळतील, खणा मग सगळा राडारोडा. सरकारला अर्ज गेलाय, सुनेनं लिवलाय, दगडाचा फोटो लावून. उत्तर न्हाई आलं तर दुसरा जाईल. मग तिसरा. आन् मैदान उघडंल त्या दिवशी गेटवर मीच असणार. पहिली पावती नामदेवची. धाकट्या साहेबाला आत यायचं असंल तर येऊ दे, मी काठी न्हाई घालणार. रांगंत उभं करणार. नामदेवच्या पोराच्या मागं. उन्हात. आन् विचारणार, पावती कुठाय?

हे सगळं मी काल जेवताना लई जोरात बोललो. सून म्हणली, आबा, हे शेवटाला घ्यायचं.

कौसल्या भाकरी थापत हुती. तिनं मान बी वर केली न्हाई. म्हणाली, "उंद्या कुणी दगडावर दुसरंच काय कोरून ठिवलं, तरी तुमी जीभ भायेर काढून रंगच भरत बसाल. आदी वाचाया शिका."