स्वयंपाकघराखालचा खड्डा

चूक माझी होती आणि ती मला पहिल्या दिवसापासून माहीत होती. दाजींना जाऊन महिना उलटला. भेटणारे त्यांच्या शांत स्वभावाबद्दल बोलतात, मी मान हलवतो. पण त्यांच्याबद्दल लिहायचं तर त्या खड्ड्यापासूनच सुरुवात करायला हवी, नाहीतर लिहू नये.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुमनताईचे यजमान. मूळचे जळगावकडचे, पण सगळी नोकरी नेपानगरच्या पेपर मिलमध्ये झाली. जन्म क्वार्टरमध्ये गेला, म्हणून निवृत्तीनंतर बुऱ्हाणपूरला स्वतःचं घर हवं होतं, आणि मी पडलो बांधकाम ठेकेदार. शाहपूर रोडवरचा प्लॉट मीच दाखवला. पूर्वी तिथे केळीचा मळा होता. त्याच्या एका कोपऱ्यात विटांसाठी माती काढून खोल खड्डा झाला होता, आणि घड उतरले की केळीची खोडं त्यातच फेकत. तरुणपणी त्या मळ्यात मजुरी करताना मीही फेकली होती. पुढे वर माती ओढून सपाट केलं, प्लॉट पाडले. इतक्या वर्षांत सगळं बसलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते. तिच्यावर घर उभं करायचं तर ती उपसून कडक मुरूम लागेपर्यंत खाली जायचं, मग बाहेरचा मुरूम थोडा थोडा पसरायचा, पाणी मारायचं, धुमसाने ठोकून घ्यायचा, आणि तो थर दबल्याशिवाय पुढचा टाकायचा नाही. तीन कोपऱ्यांत मी हे नीट केलं. चौथ्या कोपऱ्यात, जिथे स्वयंपाकघर येणार होतं, तिथे चिकट, आंबूस वासाचा काळा गाळ वर येऊ लागला. खोदत गेलो, तळ लागेना. आणखी खोदलं असतं तर प्लॉटच चुकीचा दाखवला हे कबूल करावं लागलं असतं... मी वरवरच मुरूम टाकून दाबून घेतला. संध्याकाळी दाजी आले, वाकून पाहिलं.

“कडक लागलं का रे?”

“लागलं दाजी. आता हत्ती बांधा.”

“हत्ती कशाला, तुझी ताई पुरे,” म्हणून हसले.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर स्वयंपाकघराच्या खिडकीपासून तिरपी भेग निघाली. त्या भिंतीलगत दाजींनी वांगी, मिरच्या, पपई लावली होती. सकाळ-संध्याकाळ पाइप घेऊन उभे असत. मी भेग पाहिली, पाइप पाहिला आणि बोलून गेलो, “पायात पाणी मुरतंय दाजी. हे बंद करा.” त्यांनी स्वतःच्या हाताने सगळी झाडं उपटली. ताईने मात्र त्यांना सोडलं नाही. “माझ्या भावाने बांधलं आणि यांनी बुडवलं,” येईल त्याला सांगायची. दाजी म्हणायचे, “मिलमध्ये जन्मभर लगदा भिजवला, आता घर भिजवलं. सवय जाते का?” सगळे हसायचे. मीही.

गेल्या वर्षी भाच्याचं, नीलेशचं लग्न ठरलं. “मामा, ऊपर दोन रूम काढायच्या, शादी के पहले. आप ही करो ना.” मी कधी मजुरांची, कधी पावसाची सबब सांगत राहिलो. वरचं वजन आलं की तो कोपरा बसणार, आणि बसेल तेव्हा खाली चुलीपाशी ताई असेल... माझी झोप उडाली. शेवटी नीलेशने कंटाळून दुसरा ठेकेदार पाहिला, विटाही सांगितल्या. ताई तेव्हा लेकीच्या बाळंतपणासाठी तिच्या सासरी, चांदनीला गेली होती. मी दाजींना अंगणात गाठलं आणि खड्ड्याचं सगळं सांगितलं. सांगितलं, पण माफी मागायला तोंड उघडेना.

दाजींनी भिंतीलगतच्या रिकाम्या मातीकडे पाहिलं. मग एवढंच विचारलं, “म्हणजे पाण्याने नाही?”

“नाही.”

“बरं. आता काय करता येईल ते बोल.”

मी सांगितलं, भिंतीला टेकू द्यायचे, पायाखाली थोडा थोडा भाग खोदायचा, सडकं काढून कडक जमिनीपासून वरपर्यंत काँक्रीट भरायचं, आणि ते पक्कं झाल्याशिवाय शेजारचा भाग उघडायचा नाही. एकदम उघडलं तर भिंत खाली. नीलेशला दाजींनी ‘वर चढवण्याआधी पाया पक्का करून घेतो’ एवढंच सांगितलं. काम सुरू झालं त्या सकाळी दाजी खुर्ची घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसले, थेट त्या कोपऱ्यात.

“दाजी, बाहेर या. भिंत टेकूवर आहे.”

“म्हणून तर बसलोय. मी आत असलो की तू घाई करणार नाहीस.”

खूप विनवलं. उठले नाहीत. खाली केळीच्या खोडांचे काळे, धागेदार गोळे निघत होते. एकदा वर कट्‌ असा आवाज झाला, प्लास्टरचा पापुद्रा सुटला. मजूर मागे सरकले. मी ओरडलो, “दाजी!” आतून आवाज आला, “चालू दे रे. चहा सांडला फक्त.”

प्रत्येक भागाला ते असेच आत बसले. शेवटच्या भागात तळ लागला तेव्हा बाहेर येऊन तेच विचारलं, “कडक लागलं का रे?” मी पहार त्यांच्या हातात दिली. त्यांनी ठोकली, ती टणकन उडाली. मान हलवून आत गेले. पुन्हा त्या विषयावर एक शब्द नाही.

वरच्या खोल्या झाल्या, लग्न झालं. आणि महिन्यापूर्वी पहाटे नीलेशचा फोन... “मामा, पप्पा उठ नहीं रहे.”

तेराव्याला घर भरलं होतं. ताई बायकांमध्ये बसून रडत बोलत होती, “त्या पाण्यावरून मी शेवटपर्यंत टोचलं त्यांना. ऐकून घ्यायचे बिचारे. शेवटी मी चांदनीला गेले तेव्हा खोदून घर सावरलं, तेही माझ्या भावानेच.” बायका कौतुकाने माझ्याकडे पाहू लागल्या. मला वाटत होतं, दाजींनी तिला केव्हाच सांगितलं असेल. त्यांनी सांगितलं नव्हतं. खरं कळल्यावरही ते तिचं बोलणं ऐकत राहिले होते, माझ्या वाटचं.

मी उठलो. सगळ्यांसमोर तिच्यापुढे जाऊन बसलो.

“ताई, पाण्याने काही झालं नव्हतं. खाली खड्डा होता. मला माहीत होता, मी खोटं बोललो. त्यांनी झाडं उगाच उपटली, तू त्यांना उगाच बोललीस. ते सगळं मला बोलायचं होतंस. त्यांना खरं सांगितलं, पण माफी मागायला तोंड उघडलं नाही गं माझं... मला माफ कर.”