सहा महिने पाणीसुद्धा नाही

संग्रामपूरकडच्या त्या गावी जायचं तर खामगावहून बस बदलत जावं लागे. पोचेपर्यंत माझी कंबर धरलेली असायची, आणि त्यानंतर तेच प्रश्न पुन्हा नव्या मायेने विचारायचे. एचआयव्ही असलेल्या आया आणि त्यांची बाळं हा माझ्या संशोधनाचा विषय. गोळ्या चुकतात का, बाळाला काय पाजता, घरात कोणाला माहीत आहे. या शेवटच्या प्रश्नाला बहुतेक जणी खाली बघायच्या. पुढे पुढे तो विचारताना मीही खाली बघू लागले.

त्या गावातली माझ्या यादीतली एक सून, जेमतेम बावीस-तेवीसची. पोटुशी असताना तपासणीत कळलं. नवऱ्यालाही निघाला. तो कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. दोघं खामगावला येऊन औषध नेत. सासूला सांगितलं नव्हतं.

"कळलं तं घरात ठेवनार नाही मले," ती म्हणायची.

मुलगी झाली. बाळाला पाजायचं औषध सुरू झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं काहीच नाही. आईच्या गोळ्या नीट चालू असल्या तर धोका फार कमी राहतो; अंगावरचं आणि वरचं मिसळलं की वाढतो. तिने ते मनात पक्कं धरलं.

एका दुपारी मी गेले तेव्हा घरात भांडण पेटलेलं होतं. सासू दारात बसली होती. मांडीवर नात, हातात पाण्याची वाटी.

"एवढी तपन, पोरीचा गया सुकला! पानी पाजू देत नाही हे. काऊन व?"

सुनेने वाटी ओढून घेतली आणि अंगणात ओतली. शेजारीण कुडाआडून बघत होती. सासू माझ्याकडे वळली. तिच्या लेखी मी बाळाचं वजन करायला येणारी बाई.

"बाई, तुमी तरी खरं सांगा. हे लपूनलपून गोया खाते, म्या पाह्यलं. काय झालं हिले?"

मी तोंड उघडायच्या आत सुनेने आम्हा दोघींना घरात घेऊन दार लोटलं.

"मले एचआयव्ही हाये. तुमच्या लेकालेबी हाये. पोरीले होऊ नाही म्हनून पानी देत नाही."

सासूने नातीला छातीशी धरलं. मग म्हणाली, "कोनापासून कोनाले?"

"मले नाही मालूम. आता इचारून काय करता?"

सासूने पोर तिच्या ओटीत ठेवली, मागच्या दारी गेली आणि साबण लावून हात धूत राहिली. सून बघत होती. मी समजावलं, शिवल्याने होत नाही, सोबत जेवल्याने होत नाही. इतक्या घरांत बोललेलं तेच वाक्य. ते माझं मलाच शिळं लागलं. सासूने मान हलवली, पाहुण्याने आता निघावं म्हणून हलवतात तशी.

पुढच्या खेपेला सुनेचं ताट आणि पेला वेगळ्या कोनाड्यात दिसला. मी पुन्हा समजावलं, त्याच्या पुढच्या वेळीही. ताट जागचं हललं नाही. पण बारशाला न आलेली नणंद घुटी घेऊन आली, तेव्हा हीच सासू तिच्यावर खेकसली, "डाक्टरनं सांगतलं ना? नाही म्हंजे नाही!" घुटीची बाटली तिने स्वतःच्या हाताने पिशवीत परत घातली.

मुलगी दीड वर्षाची झाल्यावर शेवटच्या तपासणीला तिघी खामगावला आल्या. अहवालात मुलीला काही नव्हतं. सासूने समुपदेशक बाईंना विचारलं, "पक्कं?" आणि उत्तर ऐकूनही परत विचारलं, "पक्कं ना?" मग नातीला कडेवर घेऊन ती गाडी बघायला बाहेर गेली.

मला वाटलं, सून आता रडेल. ती बाकावर भिंतीला टेकून बसली होती.

"ताट?" मी हळूच विचारलं.

"हाये वेगयंच." थोड्या वेळाने म्हणाली, "ताई, मले लय झोप येऊन राह्यली." आणि खरंच झोपली, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखी.

सासू घाईघाईने आत आली. गाडी लागली होती. सुनेला हलवायला पुढे केलेला हात तिने अर्ध्यावरच थांबवला.

"झोपू द्या तिले," ती मला म्हणाली. "मांगच्या गाडीनं जाऊ."

ती पलीकडे बसली, नात मांडीवर घेऊन. मला दुपारी आणखी एका घरी जायचं होतं. मी उठले नाही.